पेपरातला चेहरा कापलेला फोटो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या वाढत्या वजनाविषयी आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांत अधूनमधून बातम्या, लेख येतात. ते यायलाच हवेत. मला लिहायचं आहे ते त्यांच्याबरोबर छापल्या जाणाऱ्या फोटोंविषयी. हा फोटो बहुतेक वेळा एकाच प्रकारचा असतो. मानेपासून वरचा भाग कापलेला, ताणलेल्या शर्टातून पुढे आलेलं पोट, कधी त्या पोटाभोवती मोजपट्टी, कधी पाठमोरं चालणारं कुणीतरी.

मी बारावीत शिकतो. माझं वजन लहानपणापासून जास्त आहे. मी आठवीत असताना असाच एक फोटो वर्गातल्या मुलांनी पेपरातून कापून फळ्याशेजारच्या बोर्डावर लावला होता आणि खाली माझं नाव लिहिलं होतं. फोटोत चेहराच नव्हता, त्यामुळे त्यांचं काम सोपं झालं. पोटाला चेहरा नसला की ते कुणाच्याही नावावर खपवता येतं. तास सुरू व्हायच्या आधी मी तो काढून खिशात घातला. बाईंना तो दिसला नाही. मीही कुणाला काही सांगितलं नाही.

२०११ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पाच मोठ्या वृत्त-संकेतस्थळांवरचे लठ्ठपणाच्या बातम्यांसोबतचे फोटो तपासले. जाड माणसं दाखवणाऱ्या फोटोंपैकी ७२ टक्के फोटो त्या माणसांना कमीपणा आणणारे निघाले. डोकं कापलेलं, नुसतं पोट किंवा पार्श्वभाग दाखवलेला, खाताना टिपलेलं, असे. फोटो निवडणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. माणसाची ओळख उघड होऊ नये म्हणूनही चेहरा कापत असतील. पण मग त्याची परवानगी घेऊन, चेहऱ्यासकट, कपडे नीट घातलेला फोटो का छापू नये? अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातलं रड सेंटर हे संशोधन केंद्र आणि लठ्ठपणाविषयी काम करणारी वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशन ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी माध्यमांसाठीच असे फोटो जमवून विनामूल्य ठेवले आहेत. त्यातली माणसं जाड आहेत आणि रोजची कामं करताना दिसतात. इतकंच हवं आहे. आपल्या फोटो विभागाने ते एकदा पाहावेत, अशी माझी विनंती आहे.

एका फोटोने असं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. म्हणून आता जरा सविस्तर लिहितो.

सातवीपासून वर्गात माझ्यासाठी एक ठेका ठरलेला होता. सरांनी मला फळ्याकडे बोलावलं की मागच्या बाकांवरून माझ्या प्रत्येक पावलाबरोबर डेस्कवर थाप पडायची. एक पाऊल, एक थाप. मी थांबलो की थाप थांबायची. हळू चाललो की तेही हळू वाजवायचे. सरांची पाठ वर्गाकडे असायची किंवा ते वहीत बघत असायचे, त्यामुळे त्यांना तो नुसता गोंगाट वाटायचा आणि ते सगळ्या वर्गाला मिळून ‘शांत बसा’ म्हणायचे. मी पावलांचा आवाज येऊ नये म्हणून चवड्यांवर चालायला लागलो. मग त्या चालण्याचीही नक्कल सुरू झाली. शेवटी मी हात वर करणंच सोडलं. गणितात मला गती होती, उत्तर तोंडावर यायचं, पण उत्तर दिलं की फळ्यापर्यंत जावं लागणार. वर्षअखेरीस माझ्या प्रगतिपुस्तकात ‘वर्गात सहभाग कमी’ असा शेरा आला आणि घरी त्यावरून बोलणी खाल्ली.

जाड्या, ढोल्या, टँकर, भूकंप ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, त्यांत नवीन काही नाही. शिवी दिली तर निदान तक्रार करता येते. नुसत्या थापेची तक्रार कशी करायची? ‘सर, हे डेस्क वाजवतात’ असं सांगितलं तर सर म्हणणार, वाजवू नका रे. ती थाप माझ्या पायाशी जुळलेली आहे, हे मला तोंडाने सांगावं लागणार, आणि ते सांगण्याचीच मला लाज वाटायची. चिडवणाऱ्यांपेक्षा चिडवला जाणाराच जास्त लपवत असतो. ही गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी कृपया लक्षात घ्यावी. मूल काही सांगत नाही, याचा अर्थ काही घडत नाही असा होत नाही.

घरी मला कुणी ठरवून दुखावलं नाही. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझ्या अंगाविषयी बोलण्याचा हक्क होता. ‘चेहरा किती छान आहे, जरा बारीक झालास ना तर बघ,’ असं मावशी प्रेमाने म्हणायची. काका पोटावर चापट मारून विचारायचे, ‘काय, कितवा महिना?’ सगळे हसायचे. मीही हसायचो, नाही हसलो तर ‘एवढंसं मनाला लावून घेतो’ हे वर ऐकावं लागायचं. बाबांचं म्हणणं असायचं, मुलं चिडवतातच, तू लक्ष देऊ नकोस. आणि सगळ्यांचा मिळून एकच सल्ला, मैदानावर जात जा. मैदानावर तर माझी सगळ्यात जास्त फजिती व्हायची. संघ पाडताना शेवटी उरायचो तो मीच, आणि ज्या बाजूला जायचो ती बाजू कपाळाला हात लावायची. पी.टी.च्या तासाला मी पोटदुखीची चिठ्ठी आणायला लागलो. चिडवण्यामुळे मुलं खेळापासून दूर पळतात, हे अभ्यासांतही दिसून आलेलं आहे. ज्याला बारीक व्हायला सांगायचं त्यालाच हसून मैदानावरून हाकलायचं, असं हे चालतं, आणि पुन्हा आळशी कोण, तर तो मुलगा.

शाळेत वर्षातून एकदा वजन-उंची घ्यायचे. वर्गातच, सगळ्यांसमोर. एक सर काट्यापाशी उभे राहून आकडा मोठ्याने सांगायचे आणि वर्गप्रतिनिधी तो तक्त्यात लिहायचा. माझा आकडा आला की वर्गात जो आवाज उठायचा तो मला अजून ऐकू येतो. सरांनाही हसू आवरायचं नाही. पुढे वजन आणि उंचीवरून बीएमआय काढून, पंचविसाच्या वर गेलेल्यांच्या नावापुढे लाल खूण केलेला तक्ता भिंतीवर लावला गेला.

या बीएमआयविषयी मी नंतर बरंच वाचलं. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र ॲडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३२ साली मांडलं. तो खगोलशास्त्रज्ञही होता. डॉक्टर तो नव्हता आणि एकेका माणसाची प्रकृती ठरवण्यासाठी त्याने हे काढलं नव्हतं. त्याला माणसांच्या मोठ्या समूहांची सरासरी हवी होती. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं १९७२ साली, अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसल कीज यांच्याकडून. त्यांनीही समूहांच्या अभ्यासासाठी सोयीचं माप म्हणूनच त्याची शिफारस केली. चरबी किती आणि स्नायू किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय पंचवीसची रेष मोठ्या माणसांसाठी आहे. वाढत्या मुलांचा आकडा वय आणि लिंग पाहून तक्त्यावर वाचायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी २००७ साली वेगळे तक्ते दिलेले आहेत. माझं वजन त्या तक्त्यांतही जास्तच भरतं, ते मी नाकारत नाही. पण आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात सगळ्या वर्गाला मोठ्या माणसांची पट्टी लावली होती, आणि ती लावणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. दोष पट्टीचा निघाला तरी लाल खूण तर नावापुढे राहिलीच.

त्या तक्त्यानंतर मी जेवण टाळायला सुरुवात केली. सकाळी भूक नाही म्हणायचं, डबा तसाच परत आणायचा किंवा कुणाला देऊन टाकायचा, आणि रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात अंधारात उभं राहून हाताला लागेल ते खायचं. दिवा लावायचो नाही. चव कळायची नाही, आणि पोट दुखेपर्यंत थांबता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःला शिक्षा म्हणून पुन्हा उपाशी. मला वाटायचं माझ्यात काहीतरी किडकं आहे, मनाला लगामच नाही. ज्या कीज यांनी बीएमआयला नाव दिलं, त्यांनीच १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता. ते सगळे स्वतःहून आलेले होते. त्यांना सहा महिने नेहमीच्या निम्म्याच्या आसपास खायला दिलं गेलं. धडधाकट, मनाने खंबीर म्हणून निवडलेले ते तरुण दिवसभर फक्त खाण्याचा विचार करायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर त्यांच्यातल्या काहींना पोट भरलं तरी थांबता येईना. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते पान उलटलं नाही. मी माझ्या स्वभावातला दोष म्हणून जे लपवत होतो ते उपाशी ठेवलेल्या शरीराचं वागणं होतं.

आता एक गोष्ट लिहितो जी मुलगे सहसा बोलत नाहीत. आठवीत माझी छाती वाढायला लागली. एका बाजूला बोराएवढी गाठ हाताला लागायची, धक्का लागला की कळ यायची. मुलं येताजाता चिमटे काढायची, मला मुलींच्या नावांनी हाका मारायची. मी खांदे पुढे ओढून, पाठीत वाकून चालायला लागलो. दप्तर पाठीवर न लावता पोटाशी धरायचो. उन्हाळ्यातसुद्धा शर्टाच्या आत दोन-दोन बनियन. मला मनातून खात्री झाली होती की आपल्याला काहीतरी भयंकर झालं आहे किंवा आपण पुरते मुलगे नाही. रात्री झोप लागायची नाही. शेवटी आईने वाकलेली पाठ बघितली आणि ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्या डॉक्टरांनी आधी दार लावलं. वजन करू का, असं मला विचारलं. आईला नाही, मला. काट्यावर उभं राहिल्यावर आकडा मोठ्याने वाचला नाही, नुसता लिहून घेतला. मग छाती तपासली आणि म्हणाले, ‘वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना थोडंफार असं होतं. शरीरातले संप्रेरक वरखाली होत असतात. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. तुझ्या बाबतीत वजनामुळे ते जास्त दिसतंय, एवढंच.’ निम्म्याच्या आसपास! म्हणजे मला चिमटे काढणाऱ्यांपैकीही कितीतरी जणांना ते होऊन गेलं असणार किंवा होत असणार, आणि तेही माझ्यासारखेच गप्प बसले असणार. मला रडू आलं. डॉक्टरांनी रडू दिलं.

त्यांनी रक्तदाब, साखर, थायरॉईड तपासायला सांगितलं. झोप किती, जेवतो कधी, हे विचारलं. आणि मग विचारलं, ‘वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं?’ हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता. मी म्हणालो, कुणी नाही. आई चमकून माझ्याकडे बघायला लागली. तिला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा थापेचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं, रात्रीच्या खाण्याचं सांगितलं.

डॉक्टरांनी वजन कमी करण्याचं उद्दिष्ट दिलं नाही. तीन वेळा वेळेवर जेवायचं, सगळ्यांबरोबर बसून, आणि जेवण चुकवायचं नाही. वेळेवर झोपायचं. जो हालचालीचा प्रकार आवडेल तो, जिथे कुणी हसणार नाही तिथे. आणि एका समुपदेशक ताईंकडे जायचं. घरच्यांसाठी वेगळी अट होती, की माझ्या अंगाविषयी घरात कुणी काही बोलायचं नाही. बरं नाही आणि वाईट तर नाहीच. काकांना हे आईनेच स्पष्ट सांगितलं. काका थोडे दिवस फुगले होते, पण ते चापट मारणं बंद झालं.

वजन म्हणजे फक्त खाणं आणि आळस, हा समज किती अपुरा आहे तेही मला तेव्हाच कळलं. १९९० साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरं वेगळी, ताटं वेगळी, तरी त्यांचे बीएमआय एकमेकांच्या जवळजवळ तितकेच जवळ होते, जितके एका घरात वाढलेल्या जुळ्यांचे. अनुवंशिकतेचा वाटा एवढा मोठा असतो. याचा अर्थ खाण्यापिण्याने काही फरक पडत नाही असा नाही. पण माझ्या बाकावर बसणारा एखादा मुलगा माझ्यापेक्षा दुप्पट खाऊनही काटकुळा राहतो, त्यात त्याची काही कर्तबगारी नाही आणि माझा काही गुन्हा नाही, हे आता मला स्वच्छ समजतं.

समुपदेशक ताईंनी एकदा विचारलं, ‘आरशापुढे उभा राहून तू स्वतःला जे म्हणतोस, ते तुझ्या धाकट्या भावाला म्हणशील का?’ मला धाकटा भाऊ आहे, त्याचं अंगही माझ्यासारखंच आहे. मी हादरलोच. त्याला मी असलं एक अक्षरही बोललो नसतो. मग ताईंनी सांगितलं, तुला जे शब्द तुझ्याविषयी खरे वाटतात ते मुळात तुझे नाहीतच, ते त्या मागच्या बाकावरचे आहेत, तू फक्त घरी आणून पाठ केलेस. पाठ केलेलं विसरायला मला पुष्कळ वेळ लागला. अजूनही सगळं विसरलं गेलेलं नाही. काही दिवस आरशासमोर नीट जातात, काही दिवस नाही. स्वतःचं अंग रोज आवडलंच पाहिजे असं ताई कधी म्हणाल्या नाहीत. न आवडलेल्या दिवशीही त्याला वेळेवर जेवू घालायचं, आंघोळ घालायची, बाहेर न्यायचं. मला हे जमण्यासारखं वाटलं आणि जमलंही.

माझ्या कपाटात एक कप्पा ‘बारीक झाल्यावर’च्या कपड्यांचा होता. दोन पँटी, तीन शर्ट. दुकानात बसत नसतानाही हट्टाने घेतलेले, कारण मोठा साईज मागायची लाज वाटायची. ते मी देऊन टाकले आणि आईबरोबर जाऊन माझ्या अंगाला येतील असे शर्ट आणले. ज्या शर्टात हात वर करता येतो असा शर्ट मी कित्येक वर्षांत घातला नव्हता. काखेत ताण नाही, बटणं उघडतील याची धास्ती नाही. वाकून चालण्याची सवय मोडायला त्या शर्टांनी जेवढी मदत केली तेवढी कुठल्याच उपदेशाने केली नसती.

वर्गातलं थांबलं ते मात्र माझ्यामुळे नाही. नववीत एक मुलगा नवीन आला होता. माझ्या शेजारची जागा रिकामी म्हणून तिथे बसला. पहिल्यांदा थाप सुरू झाली तेव्हा त्याला कळलंच नाही काय चाललंय. कळल्यावर तो मागे वळून, अजिबात न ओरडता, म्हणाला, ‘ए, हे बंद करा.’ एवढंच. दोन-तीन थापा आणखी पडल्या आणि थांबल्या. नंतर पुन्हा सुरू व्हायच्या, तो पुन्हा म्हणायचा. हळूहळू वाजवणारे कमी झाले. कॅनडात शाळांच्या मैदानांवर प्रत्यक्ष चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला होता. छळ चालू असताना जवळजवळ नेहमीच इतर मुलं बघत उभी असायची, पण मध्ये पडणारी फार थोडी. जेव्हा कुणी मध्ये पडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळा छळ १० सेकंदांत थांबला. माझ्या वर्गात साठ मुलं होती. वाजवणारी पाच-सहा. उरलेल्यांपैकी एकानेही सातवीत असताना ‘हे बंद करा’ हे तीन शब्द उच्चारले असते, तर माझी दोन वर्षं वाचली असती. बघणाऱ्या मुलांना हे शाळेत शिकवता येतं. कविता पाठ करून घेतो तसं पाठच करून घ्यावं.

मी हे सगळं कुणाला सांगितलं की एक शंका हमखास येते. असं स्वतःला स्वीकारायला शिकवलं तर जाड मुलं जाडच राहतील, थोडं टोचलेलं बरं असतं. शंका विचारणारे बहुतेक वेळा मनापासून काळजी करणारे असतात, म्हणून उत्तर देतो. टोचण्याने वजन कमी होत असतं तर माझ्याइतकं बारीक वर्गात कुणी नसतं. मिनेसोटातच १९९८ च्या सुमारास ‘प्रोजेक्ट ईट’ नावाचा अभ्यास सुरू झाला आणि त्यात किशोरवयीन मुलामुलींना पुढे अनेक वर्षं पाहिलं गेलं. वजनावरून ज्यांना चिडवलं गेलं होतं, त्यांचं वजन पंधरा वर्षांनी इतरांपेक्षा जास्त असण्याची शक्यता अधिक होती. मुलींच्या बाबतीत घरच्यांनी चिडवलेलंही पुढच्या वयापर्यंत पुरलं होतं, मनावरचा ताण घालवण्यासाठी खाण्याची सवय त्यांच्यात जास्त होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली आपल्या सभासदांना लेखी सांगितलं, की वजनावरून हिणवणं हे मुलांच्या प्रकृतीला अपायकारक आहे आणि डॉक्टरांनी स्वतःची भाषाही तपासावी. २०२० साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून अशाच आशयाचं निवेदन केलं, त्यात माध्यमांनाही आवाहन होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझं वजन आजही जास्त आहे. मी बारीक कसा झालो, याची ही गोष्ट नाही. रात्रीचं लपून खाणं थांबलं आहे. छातीतली गाठ विरघळली. मी रोज संध्याकाळी सायकल चालवतो, कारण सायकलवर वारा लागतो आणि मला ते आवडतं. वर्षातून दोनदा तपासणीला जातो, आकडे बरे येतात. पूर्वी मी तपासणीचं नाव काढलं की घाबरायचो, कारण तिथे पुन्हा बोलणी खायला लागतील असं वाटायचं. ज्याला स्वतःच्या अंगाची किळस शिकवलेली असते तो ते अंग डॉक्टरांपुढेही नेत नाही. जाड माणसांच्या दुखण्यांचं निदान उशिरा होतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. १९६१ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा मुलांची चित्रं दाखवली होती. एक धडधाकट, एक कुबड्या घेतलेला, एक चाकाच्या खुर्चीतला, एकाचा हात नाही, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग आणि एक जाड. कोण आवडतं ते क्रमाने लावा म्हटल्यावर मुलांनी जाड मुलाला शेवटी ठेवलं. तोच प्रयोग पुन्हा केला गेला आणि २००३ साली प्रसिद्ध झाला. मधल्या चाळीस वर्षांत जगात जाड मुलांची संख्या कितीतरी वाढलेली होती. तरीही तो जाड मुलगा शेवटीच राहिला, आणि तेव्हापेक्षा जास्त नावडता झालेला होता. ती मुलं हे आईच्या पोटातून शिकून आली नव्हती. घरातली बोलणी, विनोद, जाहिराती, पडद्यावरची जाड पात्रं आणि पेपरातले फोटो, यांतून त्यांनी ते उचललं. शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहिलं.

शाळांनीही एक साधी गोष्ट करावी. वजन घ्यायचं तर पडद्यामागे, एकेकट्याला बोलावून घ्यावं, आकडा लिहून पाकिटात घालून पालकांकडे द्यावा, भिंतीवर लावू नये. याला पैसे लागत नाहीत. आमच्या शाळेत आईने मुख्याध्यापकांना पत्र दिल्यावर पुढच्या वर्षीपासून हे सुरू झालं. त्यांनी ते लगेच मानलं, वाद घातला नाही. कुणी सांगितलंच नव्हतं, असं ते म्हणाले.

आणि हे पत्र छापलं गेलं आणि एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलाने ते वाचलं, तर त्याच्यासाठी एवढंच : घरी किंवा शाळेत ज्या एका मोठ्या माणसावर तुझा विश्वास असेल त्याला सगळं सांग. ‘मला चिडवतात’ एवढंच सांगू नकोस, त्यावर ‘लक्ष देऊ नकोस’ हेच उत्तर येतं. कोण, केव्हा, कुठल्या तासाला, नक्की काय करतात, ते सांग. फोनवर काही पाठवलं असेल तर पुसू नकोस, दाखव. पहिल्या माणसाने मनावर घेतलं नाही तर दुसऱ्याकडे जा. आणि छातीत गाठ लागत असेल तर डॉक्टरांना दाखव, दोन-दोन बनियन घालून फिरू नकोस.

माझं नाव व शाळेचं नाव कृपया छापू नये. मला त्याची लाज वाटते म्हणून नाही. नाव आलं तर डेस्क वाजवणारी मुलंही ओळखू येतील. त्यांच्यातल्या दोघांशी आता माझं चांगलं बोलणं आहे, आणि ते तेव्हा तेरा वर्षांचे होते.

आपला,
बारावीतला एक विद्यार्थी